चिनी कौटुंबिक आहार

चिनी कुटुंबाच्या जेवणाचे ‘फान’ व ‘त्साय’ असे दोन भाग परंपरेने मानले जातात. भात, शेवया, वाफवलेला पाव इ. धान्याचे अन्न म्हणजे फान. त्याबरोबरचे भाजी, टोफू, मासे वा मांस यांचे पदार्थ म्हणजे त्साय. फान प्रत्येकाच्या वाडग्यात वेगळे वाढतात, तर त्साय मध्ये ठेवून सर्वजण काड्यांनी घेतात. पोट भरावयाचे ते धान्याने आणि त्साय हे तोंडीलावणे, हाच बहुसंख्य कुटुंबांचा क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता.

मुख्य धान्य प्रदेशपरत्वे बदलते. उत्तरेत पीत नदीच्या खोऱ्यात राळा व वरी ही आद्य पिके होत. पश्चिमेकडून आलेला गहू दळून खाण्याची प्रथा हान काळात (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) वाढली. दक्षिणेत यांगत्सी नदीच्या खोऱ्यात प्राचीन काळापासून भात पिकतो. १०१२ मध्ये सुंग घराण्याच्या सम्राटाने चंपा (मध्य व्हिएटनाम) येथील लवकर पिकणाऱ्या भाताचे बियाणे शेतकऱ्यांना वाटविले. सोळाव्या शतकापासून अमेरिका खंडातील रताळे व मका चीनमध्ये आले आणि डोंगराळ, हलक्या जमिनीतही अन्न पिकू लागले. रताळे हे गरिबांच्या घरचे मुख्य अन्न बनले. प्रथिनांची काही गरज सोयाबीनवर भागे. डुकराचे मांस सामान्य घरांत सणासुदीपुरतेच असे. जॉन लॉसिंग बक यांच्या १९२९–३३ मधील २२ प्रांतांच्या पाहणीतही शेतकरी कुटुंबांच्या आहारात धान्याचेच प्राबल्य असून प्राणिज पदार्थांचा वाटा अत्यल्प असल्याचे दिसून आले.

साम्यवादी राजवटीत घरातील धान्य हा शासनाच्या नियंत्रणाचा विषय झाला. १९५३ मध्ये धान्याची खरेदी-विक्री शासनाने हाती घेतली व १९५५ पासून शहरांत धान्यकुपने सुरू झाली. व्यक्तीचे वय व कामाचे स्वरूप पाहून शिधा ठरे. ग्रामीण कुटुंबांना मात्र अशी हमी नव्हती. सरकारी वसुलीनंतर उरेल त्यावरच त्यांचा निर्वाह चाले. १९५८ मध्ये जनकम्यूनांत सार्वजनिक भोजनालये निघाली आणि अनेक गावांतील घरच्या चुली बंद पडल्या. फुगवून सांगितलेल्या उत्पन्नाच्या आधारे जादा वसुली झाल्याने गावांत धान्य उरले नाही. १९५९–६१ च्या दुष्काळातील मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. घरी साठा वा चूल नसल्याने संकटाला तोंड देण्याचे कुटुंबाचे नेहमीचे मार्गही खुंटले होते. १९६१ मध्ये ही भोजनालये बंद करण्यात आली.

१९७८ नंतर शेतीची जबाबदारी पुन्हा कुटुंबांकडे आली. धान्योत्पादन त्या वर्षीच्या सु. ३० कोटी टनांवरून १९८४ मध्ये सु. ४० कोटी टनांवर गेले आणि १९९३ च्या सुमारास धान्यकुपने बहुतेक ठिकाणी रद्द झाली. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा १९७८ मध्ये ६७·७ टक्के होता. २०१९ मध्ये तो ३० टक्क्यांवर आला. धान्याचे प्रमाण घटून मांस, अंडी व तेल यांचे वाढले आणि त्साय हाच जेवणाचा मुख्य भाग होऊ लागला. २०२० च्या शासकीय अहवालानुसार निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. दुष्काळात बालपण गेलेल्या पिढीने आपल्या हयातीतच हे स्थित्यंतर अनुभवले.