पॉल न्यूमन तबकडी
पॉल न्यूमन तबकडी : रोलेक्स कंपनीच्या डेटोना या क्रोनोग्राफ (थांबघड्याळाची सोय असलेल्या) घड्याळावरील विशिष्ट आरेखनाची तबकडी. महागड्या घड्याळांच्या संग्राहकांत तिला मोठी मागणी आहे. अमेरिकन अभिनेते व मोटारशर्यतपटू पॉल न्यूमन असे घड्याळ वापरत, त्यावरून संग्राहकांनी तिला हे नाव दिले. कंपनी तिला ‘एक्झॉटिक’ म्हणत असे.

डेटोना १९६३ मध्ये बाजारात आले. १९८८ पर्यंत ते किल्लीचे होते; त्यात तीन छोट्या उपतबकड्या असतात. नेहमीच्या व पॉल न्यूमन तबकडीतील फरक बारीक आहेत. उपतबकड्यांतील रेषांच्या टोकांना लहान चौकोन असतात आणि अंक आर्ट डेको वळणाचे असतात. नऊच्या जागेवरील सेकंदांच्या उपतबकडीत २०, ४०, ६० ऐवजी १५, ३०, ४५, ६० हे आकडे असतात. कडेची सेकंदपट्टी किंचित खोलगट असून तिचा रंग अनेकदा मधल्या भागाहून वेगळा असतो. या तबकड्या स्वित्झर्लंडमधील सिंगर कंपनी तयार करी.

प्रारंभी या घड्याळांना फारसा उठाव नव्हता. पुढे किमती वाढल्या, तशा बनावट तबकड्याही आल्या. म्हणून जाणकार भिंगाखाली चौकोनांची ठेवण, अक्षरांची छपाई आणि पृष्ठभागाचा पोत तपासतात. न्यूमन यांचे स्वतःचे घड्याळ त्यांच्या पत्नी, अभिनेत्री जोअ‍ॅन वुडवर्ड यांनी भेट दिलेले होते. गाडी जपून चालवण्याची सूचना त्याच्या पाठीवर कोरलेली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले.