चुकलेल्या उत्तरांचे साल

वार्धक्यातील स्मृतिभ्रंश तपासताना डॉक्टर जे प्रश्न विचारतात, त्यांतील पहिले काही प्रश्न अगदी साधे असतात. आज वार कोणता, महिना कोणता, साल कोणते. आपण कोणत्या गावात आहोत, कोणत्या राज्यात आहोत. १९७५ साली अमेरिकेतील मार्शल फोल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' या नावाची तीस गुणांची चाचणी तयार केली. त्या तिसांपैकी दहा गुण केवळ काळ आणि स्थळ यांचे भान तपासण्यासाठी आहेत. पुढे १९९५ मध्ये हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर, ग्रामीण वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध झाले. आज जिल्ह्याच्या गावी वृद्धांना जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा याच वळणाचे असतात.

आता कल्पना करा की यवतमाळ जिल्ह्यात १९४० च्या आगेमागे जन्मलेल्या, आयुष्यात जिल्हा फारसा न सोडलेल्या एखाद्या आजीबाईंना हा प्रश्न विचारला गेला, 'आपण कोणत्या राज्यात राहतो?' आणि त्यांनी उत्तर दिले, 'मध्य प्रदेश.' चाचणीच्या कागदावर या उत्तराला शून्य गुण मिळतात, आणि चाचणीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या वहीत हे उत्तर सपशेल चूक नाही. ते एका विशिष्ट काळातले बरोबर उत्तर आहे. तो काळ म्हणजे २६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६.

वऱ्हाडच्या माणसाने घर न सोडता किती राज्ये पाहिली, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला. कारभार मध्य प्रांत-वऱ्हाडचा, पण नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. निजामाच्या युवराजाला १९३६ च्या करारानंतर 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होती, ती यामुळेच. १९५० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचा मध्य प्रदेश झाला. त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे १९४० साली जन्मलेल्या मुलीने वयाच्या विशीपर्यंत चार राज्यांत वास्तव्य केले, आणि तेही त्याच वाड्यात, त्याच विहिरीवर पाणी भरत.

हे केवळ राज्याच्या नावापुरते नाही. पंधरा आणे, अदपाव, पायली, खंडी हे शब्द ज्यांच्या हिशेबात मुरलेले होते, त्यांच्यासाठी १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली. 'मुख्यमंत्री कोण?' या प्रश्नाला 'नाईकसाहेब' असे उत्तर आले, तर पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर होते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. अकरा वर्षांहून अधिक काळ एकच नाव ऐकलेल्या मनात तेच नाव तळाशी बसले, यात नवल नाही. प्रत्येक चुकलेल्या उत्तराला एक साल असते. ते साल ओळखता आले, तर माणूस या क्षणी आपल्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यात वावरत आहे, हे कळू शकते.

हे असे का होते, याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओद्यूल रीबो यांनी १८८१ मध्ये स्मृतीच्या विकारांवरील आपल्या ग्रंथात एक नियम मांडला. स्मृती ढासळू लागली की अलीकडचे आधी जाते आणि जुने शेवटपर्यंत टिकते. भिंत पडताना वरचे थर आधी कोसळतात आणि पायाचे दगड जागेवर राहतात, तसेच काहीसे. सकाळी कोणती भाजी खाल्ली हे न आठवणाऱ्या वृद्धेला लग्नात आलेल्या भांड्यांची यादी बिनचूक येते, ती म्हणूनच. एवढे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे की स्मृतिभ्रंश हा आजार आहे. 'म्हातारपणी व्हायचेच' म्हणून सोडून देण्याची ती गोष्ट नव्हे. देशातील साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने दिला. डॉक्टरांच्या कागदावरचे शून्य महत्त्वाचेच असते. प्रश्न त्या कागदानंतर घरी परतल्यावरचा आहे.

घरी सांभाळणाऱ्या माणसाला चोवीस तास या उत्तरांसोबत राहायचे असते. आणि ही उत्तरे सर्वांत जास्त उमटतात ती घराबाहेर पडल्यावर. वृद्धांना घेऊन आपण ज्या लहानसहान फेऱ्या करतो, माहूरला, कळंबला, नाहीतर नुसते बसस्थानकापर्यंत, त्या फेऱ्यांत रस्ता, नदी, पूल यांचा स्पर्श होताच पायाचे दगड उघडे पडतात.

माझ्या सासूबाईंचे माहेर पुसद तालुक्यातले. माहूरच्या रेणुकेवर त्यांची श्रद्धा. त्यांना बसने माहूरला नेताना धनोड्याला पैनगंगेचा पूल आला की त्या कमरेचा बटवा चाचपून विचारत, 'पैसे बदलून घेतले का व? तिकडे आपला पैसा चालत नाही.' घरात कोणालाच याचा अर्थ लागत नसे. कोणी म्हणे भ्रम आहे, कोणी म्हणे कुठला तरी सिनेमा डोक्यात असेल. अर्थ होता तो पैनगंगेत. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत नदीच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते, तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. हैदराबाद संस्थानाचे नाणेही वेगळे होते, 'हाली सिक्का'. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा त्याचा हिशेब असे, आणि संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षे ते व्यवहारात राहिले. वडिलांच्या खाचराच्या बैलगाडीत बसून देवीला निघालेली सात-आठ वर्षांची मुलगी नदीकाठी ऐकलेली सूचना आम्हांला जशीच्या तशी सांगत होती. तिच्या भ्रमात चलनाचा इतिहास होता.

कळंबचा चिंतामणी हे दुसरे असे ठिकाण. यवतमाळ-नागपूर रस्त्यावरील हे देवस्थान जमिनीच्या पातळीच्या खाली असल्याने दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही लहान फेरी लहान नसते. वर बसून हात जोडणे, एवढेच अनेकांच्या वाट्याला येते. पण वर बसलेल्या म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकावे. कोण कोणत्या बैलाच्या दमणीतून आले होते, कोणत्या वर्षी कापसाचे चुकारे मिळाल्यावर नवस फेडला, कोणता रस्ता १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून झाला. या गप्पांत तारखा नसतात, पण पीक, भाव आणि दुष्काळ असतात. आपल्याकडे शाळेत नाव न घातलेल्या बाईचे वय असेच काढण्याची पद्धत होती.

आणि शकुंतला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर असा सुमारे १९० किलोमीटरचा हा अडीच फुटी लोहमार्ग मुख्यतः कापसासाठी टाकला गेला. किलिक-निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मालमत्ता देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही खाजगीच राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वेने करारावर चालविली. १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. गाडी इतकी संथ, की तिच्याविषयीचे किस्से जिल्ह्यातील प्रत्येक घरात आहेत. गेल्या दशकात ती थांबली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे उद्घाटन झाले. तेव्हा एखादे आजोबा दुपारी छत्री घेऊन 'गाडीची वेळ झाली' म्हणत निघाले, तर ते कोणत्या गाडीला निघाले आहेत, हे सांभाळणाऱ्याला कळायला हवे. जुन्या स्थानकापर्यंत सोबत जाऊन परत येणे, हीदेखील एक सहल होऊ शकते.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. अशा वेळी उत्तर दुरुस्त करावे की नाही? विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतील रुग्णालयांत वृद्धांना वारंवार तारीख, वार, ठिकाण सांगून वर्तमानात आणण्याची पद्धत रूढ झाली. दुसरीकडे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की वृद्धांचे आठवणींत रमणे हा दोष नसून आयुष्याचा आढावा घेण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. घरातल्या माणसाला या दोहोंमधून रोज वाट काढावी लागते. औषधाची वेळ, चुलीवरचे दूध, रात्री दाराची कडी काढून बाहेर पडणे, येथे वर्तमानच सांगावे लागते. पण पुलावर कोणी 'निजामाची हद्द आली' म्हटले, तर 'हो, आली. त्या वेळी तुमच्यासोबत कोण होते?' असे विचारण्याने कोणाचे काही बिघडत नाही. उलट, दिवसभर आपण चुकतो आहोत हे इतरांच्या चेहऱ्यावर वाचणाऱ्या माणसाला, निदान एकदा तरी, आपण बरोबर असल्याचा अनुभव मिळतो. त्या अनुभवाला मी फार मोलाचा मानते.

हा अनुभव देणारे हात बहुतेक वेळा बायकांचे असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६. यात मुलांची देखभालही आली. पण आकड्यांत न मावणारी अडचण अशी, की म्हाताऱ्यांना सांभाळणारी सून बहुधा त्या गावची नसते. सासरच्या गावाचा जो इतिहास तिने पाहिला नाही, त्याच इतिहासातून येणारी उत्तरे तिला रोज ऐकावी लागतात. मुलाला आपल्या आईचे बोलणे उमगते, असेही नाही. तो तर तेव्हा जन्मलाही नव्हता. म्हणून स्थानिक इतिहास हा केवळ गॅझेटियरचा आणि प्राध्यापकांचा विषय न राहता, सांभाळणाऱ्याच्या उपयोगाचे ज्ञान होतो.

गेल्या काही वर्षांत या लहान फेऱ्यांना एका गोष्टीचा आधार मिळाला. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. आजी फुकट आणि सून अर्ध्या तिकिटात, म्हणजे माहूरची फेरी आवाक्यात आली. याउलट रेल्वेने ज्येष्ठांना दिलेली तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली गेली. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आदिलाबादकडे जाताना हद्द पुन्हा आडवी येते, फक्त पलीकडे आता तेलंगण आहे.

वृद्धांच्या आठवणी हे इतिहासाचे निर्दोष साधन नाही. त्यांत साले सरकतात, दोन जत्रा एक होतात, मेलेली माणसे जिवंत होतात. घटनाक्रमासाठी त्यांवर विसंबता येणार नाही. पण दप्तरांत जे सापडत नाही ते त्यांत असते. हद्दीवर पैसे बदलून देणारा कोण होता, बाईमाणसाने बटवा कोठे ठेवायचा, देवीचा प्रसाद कोणत्या नाण्याने घ्यायचा. हद्दी आणि तह दप्तरांत आहेत. हद्द ओलांडणारी मुलगी त्यांत नाही. ती आज पंच्याऐंशीची आहे, आणि सकाळचे जेवण विसरली आहे.

सांभाळणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. औषधांच्या वेळा लिहिण्यासाठी घरात एक वही असतेच. तिच्या मागच्या पानांवर अशी उत्तरे लिहून ठेवावीत. समोर शक्य तर साल लिहावे, नाही लागले तर जागा कोरी सोडावी. घरातले कोणी तरी पुढे ती भरील.