पाण्यात अधांतरी राहण्याची सोय: स्कूबा जॅकेटचा इतिहास

स्कूबा डायव्हिंगसाठी जे मूलभूत साहित्य लागते, त्यात पाठीवरचे फुगवता येणारे जॅकेट सर्वांत शेवटी आले. मुखवटा, पायातले फिन, हवेचे सिलिंडर आणि मागणीनुसार हवा पुरवणारा रेग्युलेटर हे सारे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तयार होते. पाण्यात ना वर ना खाली, हव्या त्या खोलीवर स्थिर राहण्याचे साधन मात्र सर्वसामान्य पाणबुड्याच्या अंगावर चढायला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जावी लागली. आज दुकानात मांडलेल्या जॅकेटांमध्ये जे फरक दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या तीस वर्षांत आणि त्यानंतरच्या दोन दशकांत आहे.

हे साधन का लागते, हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून कळते. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे 1.025 किलो भरते. म्हणून पाण्याखाली जॅकेटमध्ये एक लिटर हवा सोडली की साधारण एक किलोचा आधार मिळतो. पाणबुड्याचे पाण्यातले वजन मात्र एका ठिकाणी राहत नाही. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे अंगावरच्या निओप्रीनच्या पोशाखातले वायूचे सूक्ष्म बुडबुडे दबतात, पोशाख पातळ होतो आणि माणूस जड होत जातो. उलट, सिलिंडरमधली हवा श्वासागणिक संपते व तो हलका होतो. सर्वत्र वापरात असलेल्या 11 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये पूर्ण भरल्यावर अडीच किलोहून अधिक वजनाची हवा असते. बुडीच्या सुरुवातीला बुडणारे हे सिलिंडर शेवटी तरंगू लागते. खोलीमुळे येणारा जडपणा आणि वेळेमुळे येणारा हलकेपणा या दोन्हींची सतत भरपाई करत राहणे, एवढेच जॅकेटचे काम.

हवेने भरलेली पिशवी अंगाशी धरून पाण्यात उतरणे ही कल्पना फार जुनी आहे. निमरूद येथे सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, इसवी सनपूर्व नवव्या शतकातील असीरियन शिल्पपटावर फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करणारी माणसे दिसतात. काही लेखकांनी त्यांना पाणबुडे ठरवले, पण तो अर्थ टिकत नाही. फुगवलेले कातडे माणसाला वर ठेवते, खाली जाऊ देत नाही. खाली गेल्यावर आपले आकारमान कमीजास्त करावे लागेल, हा विचार स्पष्टपणे मांडला तो इटालियन शास्त्रज्ञ जोवान्नी बोरेल्ली याने. 1680 मध्ये त्याचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. त्यातल्या पाणबुड्याच्या चित्रात दट्ट्या असलेले एक नळकांडे आहे. दट्ट्या सरकवून आतली जागा वाढवायची किंवा घटवायची आणि त्याप्रमाणे वर किंवा खाली जायचे, अशी ती योजना होती. बाकी उपकरण अव्यवहार्य होते. प्रश्न मात्र त्याने अचूक ओळखला होता.

एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीबे याने लंडनमध्ये घडवलेल्या तांब्याच्या शिरस्त्राणाच्या पोशाखात हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. तिथे संपूर्ण पोशाखच हवेची पिशवी होता. वरून पंपाने हवा येई, आणि शिरस्त्राणावरची झडप कमीजास्त उघडून पाणबुडा आत किती हवा राहू द्यायची ते ठरवी. छातीवर शिशाचे वजन, पायात शिशाच्या तळाचे बूट असा सरंजाम असे. झडप वेळेवर उघडली नाही तर पोशाख फुगून माणूस बेफाम वेगाने वर फेकला जाई. हवा पायांकडे गेली तर तो उलटाही होई. आजच्या डायव्हिंग शिक्षणात अनियंत्रित वर येण्याची जी भीती शिकवली जाते, ती या जुन्या पाणबुड्यांना चांगलीच परिचित होती. म्हणजे तरंगण्यावर नियंत्रण ठेवण्याची सोय जुन्या धंद्यात होती. नव्या, मुक्तपणे पोहणाऱ्या पाणबुड्याने पोशाख आणि पंप सोडला, तेव्हा ती सोयही त्याच्या हातून गेली.

1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एअर लिक्विड कंपनीतील अभियंता एमिल गान्यां यांनी ॲक्वा-लंग तयार केले. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे पाणबुड्याजवळ कमरेच्या शिशाच्या पट्ट्याखेरीज तरंगणे-बुडणे सांभाळण्याचे दुसरे साधन नव्हते. 1956 च्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटात कुस्तोचे सहकारी पाठीला थेट पट्ट्यांनी बांधलेली सिलिंडर घेऊन पोहतात. जॅकेट कुठेही नाही. वजन नेमके मोजून बांधायचे, आणि उरलेला फरक फुप्फुसांनी व पायांनी भरून काढायचा. उबदार पाण्यात, पातळ कपड्यांत हे जमून जाई.

अडचण वाढवली ती निओप्रीनने. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने 1952 च्या सुमारास निओप्रीनच्या ओल्या पोशाखाची कल्पना मांडली आणि थंड समुद्रही सामान्य डायव्हरला खुले झाले. जाड निओप्रीन पाण्याच्या पृष्ठभागावर कित्येक किलोंचा आधार देते, म्हणून तेवढेच शिसे कमरेला बांधावे लागते. 30 मीटरवर दाब चौपट होतो आणि तो आधार बराचसा नाहीसा होतो, पण शिसे तेवढेच राहते. तळाशी गेलेला माणूस अशा वेळी सतत पाय मारूनच वर राहू शकतो. थकवा, धापा आणि हवेचा वाढता खर्च ही साखळी इथून सुरू होते. उबेसाठी शोधलेल्या पोशाखाने जॅकेटची गरज निर्माण केली, हा या इतिहासातला निर्णायक दुवा आहे.

पहिला उपाय वैमानिकांकडून उसना घेतला गेला. पीटर मार्कस याने 1928 मध्ये पेटंट घेतलेले फुगवता येणारे जीवरक्षक जाकीट महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांनी वापरले होते. त्याच धर्तीची, कार्बन डायऑक्साइडच्या काडतुसाने फुगणारी छोटी जाकिटे डायव्हर गळ्यात घालू लागले. ती फक्त संकटकाळासाठी होती, आणि खोलवर त्यांचा उपयोगही तोकडा होता. 16 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर सुमारे 9 लिटर जागा व्यापतो. 30 मीटरवर तोच वायू जेमतेम सव्वादोन लिटर होतो. ज्याला तळातून वर उचलायचे आहे त्याला एवढ्याने भागत नाही.

फ्रान्सच्या मॉरिस फेन्झी याने 1961 मध्ये पेटंट घेतलेल्या जाकिटाने पुढची पायरी गाठली. गळ्याभोवती जाड हारासारखी बसणारी, छातीवर येणारी ही पिशवी होती आणि तिला स्वतःची छोटी हवेची बाटली होती. बुडीआधी ती मुख्य सिलिंडरवरून भरून घेत. बाटलीतली हवा दाबाखाली साठवलेली असल्यामुळे खोलवरही ती पिशवी फुगवू शके. हवी तेवढीच सोडता येई आणि नको झाली की बाहेर काढता येई. त्यामुळे केवळ जीव वाचवण्यासाठी असलेले साधन बुडीभर वापरता येऊ लागले. सरावलेले डायव्हर अडचणीच्या वेळी या पिशवीतली हवा श्वासासाठीही घेत. युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये, पुढे बराच काळ फेन्झी हे नाव अशा जाकिटांसाठी सर्रास वापरले जाई.

गळ्यातल्या या जाकिटाचा एक गुण आजही मान्य करावा लागतो: पृष्ठभागावर ते बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर आणि आकाशाकडे ठेवते. पण पाण्याखाली त्याचा आधार छातीशी आणि वजन कमरेशी, त्यामुळे शरीर तिरके होते. तिरके शरीर पाणी जास्त कापते आणि फिनचा फटका खालच्या वाळूवर बसतो. शिवाय जाकीट वर सरकू नये म्हणून दोन पायांमधून पट्टा घ्यावा लागे. 1970 च्या दशकात रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावरून कमी दाबाची नळी थेट जाकिटाला जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि बटण दाबून हवा भरता येऊ लागली. छोटी बाटली हळूहळू गेली. आज बहुतेक जॅकेटांच्या डाव्या खांद्यावरून येणारी पन्हळी नळी आणि तिच्या टोकाची दोन बटणे ही त्या बदलाची देणगी आहे.

त्याच दशकात रचनेचे दोन वेगळे मार्ग निघाले. अमेरिकेत वॉटरगिल कंपनीच्या ॲट-पॅक या उपकरणात हवेची पिशवी पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी होती आणि वजनासाठी शिशाचे छर्रे पाठीवरच्याच कप्प्यात भरलेले असत. छाती मोकळी राहिली आणि शरीर आडवे राहू लागले. दुसरीकडे स्कूबाप्रो कंपनीने बंडीसारखे अंगात घालायचे स्टॅबिलायझिंग जॅकेट बाजारात आणले. त्यात खांदे, कुशी आणि पाठ यांतून हवा अडथळ्याविना फिरे, त्यामुळे डायव्हर कुशीवर वळला की हवाही वरच्या बाजूला जाई. सिलिंडर, पट्टे आणि हवेची पिशवी हे सारे एकाच वस्तूत आले. शिकवणाऱ्या संस्थांना हीच रचना सोयीची वाटली, आणि 1980 च्या दशकात नवशिक्यांचे जॅकेट म्हणून ती जगभर पसरली. तिचा दोष लवकरच कळला: पूर्ण फुगवले की ती छाती आवळते. म्हणून पुढच्या नमुन्यांत खांद्यावर हवा न भरता केवळ बकलांनी लांबी बदलणारे पट्टे आले. आज जॅकेट म्हणून विकली जाणारी बहुतेक मॉडेल्स या सुधारित जातीचीच आहेत.

तिसरा मार्ग उत्तर फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांतून आला. तिथे तळाचा गाळ उडाला की दिसेनासे होते आणि बाहेरची वाट सापडत नाही, म्हणून शरीर पूर्ण आडवे राहणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. 1979 मध्ये ग्रेग फ्लॅनागन आणि 1980 च्या दशकात विल्यम होगार्थ मेन यांनी धातूची एक साधी पाटी, तिच्यातून ओवलेला एकसंध पट्टा आणि मागे हवेची पंखाकार पिशवी अशी मांडणी विकसित केली. पोलादी पाटीचे अडीच-तीन किलो वजन थेट पाठीवर येत असल्याने कमरेचे शिसे तेवढे कमी होते. पट्टा झिजला तर पट्टाच, पिशवी फाटली तर पिशवीच बदलता येते. गुहेसाठी केलेली ही रचना 1990 नंतर सामान्य समुद्री डायव्हरांकडेही आली. त्याच सुमारास जॅकेटच्या खिशातच शिसे ठेवून ओढताच सोडून देण्याची सोय सर्वसाधारण झाली.

युरोपात या साधनांसाठी ईएन 1809 हे मानक लागू आहे. बेशुद्ध माणसाला वाचवणारे साधन म्हणूनही काम देणाऱ्या जॅकेटांसाठी ईएन 12628 हे वेगळे मानक आहे. फेन्झीच्या जाकिटाचा मूळ हेतू आणि आजच्या जॅकेटचा हेतू वेगळे झाले, हे या दोन मानकांतून उघड दिसते. पाठीमागे फुगणारी रचना पृष्ठभागावर डायव्हरला पुढे ढकलते. तिला जीवरक्षक जाकीट समजणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्रात मालवण-तारकर्लीच्या पाण्यात पर्यटकांची पहिली बुडी उथळ असते आणि जॅकेटची बटणे मार्गदर्शकाच्या हातात असतात. तिथे कोणती जात अंगावर आहे याने फारसे बिघडत नाही. पण शिक्षण पूर्ण करून नियमित डायव्हिंग करणारा माणूस मध्यम खर्चात स्वतःचे जॅकेट घेऊ पाहतो, तेव्हा वरच्या इतिहासाचा थेट उपयोग होतो. किंमत वाढते ती मुख्यतः कापडाचा दर्जा, खिसे, वजनाची सोय आणि कंपनीचे नाव यांमुळे. हवा धरण्याचे आणि सोडण्याचे तंत्र स्वस्त आणि महाग नमुन्यांत जवळजवळ सारखेच असते. जास्त उचलशक्तीचा मोह टाळावा. पातळ पोशाख आणि एक ॲल्युमिनियम सिलिंडर असेल तर 12 ते 15 किलोंची उचल भरपूर होते. त्याहून मोठी पिशवी पाण्यात फडफडते आणि हवा तिच्यात इकडेतिकडे फिरत राहते. विमानप्रवासासाठी केलेली हलकी जॅकेटे दोन-अडीच किलोंची असतात, पण त्यांचे कापड खडकाळ किनाऱ्यावर लवकर झिजते.

पैसे घालवावेत ते अंगाला बसणाऱ्या मापावर आणि झडपांवर. उजव्या खांद्यावर आणि खाली कमरेजवळ हवा सोडण्याची झडप असलीच पाहिजे, कारण डोके खाली असताना वरच्या झडपेतून हवा निघत नाही. झडप उघडून धुता येते का, तिचे सुटे भाग जवळपास मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारावे. खाऱ्या पाण्याचे स्फटिक झडपेत बसले की ती अडकते, म्हणून प्रत्येक बुडीनंतर पिशवीत गोडे पाणी भरून, हलवून, ते बाहेर काढून टाकावे. ज्याला एकाच पाण्यात, एकाच पोशाखात वर्षानुवर्षे उतरायचे आहे, त्याने पाटी आणि पंखाची जोडी घ्यावी; तिचे भाग वेगवेगळे बदलता येत असल्याने लांबच्या हिशेबात तीच स्वस्त पडते. ज्याचा बराच वेळ पृष्ठभागावर बोटीची वाट पाहण्यात जातो, किंवा जो इतरांना शिकवतो, त्याला कुशीत हवा धरणारे साधे जॅकेटच अधिक सुखाचे ठरते.