भ्रांतचित्ताची मिळकत आणि त्याचा वारस

घरांतील कर्त्या माणसाची बुद्धि भ्रमली, म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात: त्याच्या देहाची निगा कोणीं राखावी आणि त्याच्या मिळकतीचा कारभार कोणीं पाहावा? 'जो जवळचा, त्यानेंच दोन्ही पाहावें' असें आपल्याला सहज वाटतें. इंग्लंडच्या कायद्याला मात्र तसें वाटलें नाहीं.

राजाच्या विशेषाधिकारांविषयीं तेथें जें एक जुनें शासन आहे, त्यांत जन्मतः मंद आणि मागाहून वेडा झालेला असा भेद केला आहे. पहिल्याच्या जमिनीचें उत्पन्न राजानें घ्यावें व त्याला पोसावें. दुसऱ्याचा व त्याच्या कुटुंबाचा खर्च त्याच्याच उत्पन्नांतून चालवावा, स्वतःसाठीं कांहीं घेऊं नये, आणि तो शुद्धीवर आल्यास सर्व त्याचें त्याला द्यावें. पुढें हें काम लॉर्ड चॅन्सेलर पाहूं लागला. देहाचा पालक व मिळकतीचा पालक निरनिराळे नेमण्याची चाल पडली. ब्लॅकस्टननें १७६५ सालीं तिचें कारण मोठ्या मोकळेपणानें सांगितलें आहे. वारसाचें हित वेड्याच्या मरणांत, म्हणून देह सहसा त्याच्या हातीं देऊं नये. मिळकत मात्र खुशाल द्यावी, कारण उद्यां ती त्यालाच यावयाची! ही पारख कठोर खरी. पण भाऊबंदकी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ती खोटी वाटेल असें आम्हांला वाटत नाहीं.

आमच्या धर्मशास्त्राची रीत वेगळी. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत वेड्याला वांट्यांतून वगळलें, पण त्याचें पोषण कुटुंबावर घातलें व त्याच्या निर्दोष पुत्रांचा वांटा राखला. पोटाला मिळे, हक्क जाई. जन्मवेड्याचा हा निर्बंध १९२८ च्या सुधारणेनंतरही राहिला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तो गेला.

इंग्रजी पद्धति हिंदुस्थानांत १८५८ च्या कायद्यांनीं आली आणि १९१२ सालीं एका कायद्यांत गोळा झाली. वारसाला देहाचा पालक करूं नये, करावयाचा तर न्यायाधीशानें कारण लिहावें, हें कलम त्यांत होतेंच. व्यवस्थापकानें सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यावी, दरसाल हिशेब द्यावा. कोर्टाच्या परवानगीवांचून विक्री नाहीं, गहाण नाहीं, पांच वर्षांवर भाडेपट्टा नाहीं. हिशेब खोटा वाटल्यास नातेवाइकाला किंवा कलेक्टराला तक्रार करतां येई. मिळकतीविषयींची ही व्यवस्था १९८७ च्या कायद्यानेंही पुढें चालविली.

नंतर २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा झाला. रुग्ण आपल्या उपचाराचा निर्णय करण्यास समर्थ आहे असें धरून चालण्यास त्यानें सांगितलें, हें उत्तमच झालें. परंतु मिळकतीचें सबंध प्रकरण त्यांतून नाहींसें झालें! रुग्णानें नेमलेला प्रतिनिधि उपचारापुरता. बँकेंतील ठेव त्याच्या सहीनें निघत नाहीं. १९९९ चा राष्ट्रीय न्यासाचा कायदा आहे, पण तो ठराविक अपंगत्वांपुरता. बेशुद्ध पतीच्या औषधासाठीं त्याचाच पैसा काढावयाचा, तर पत्नीनें जावें कोठें?

अशा एका पत्नीच्या अर्जावर केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं कांहीं नियम घालून दिले. वैद्यमंडळानें रुग्णास तपासावें, तहसिलदाराहून कमी दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्यानें चौकशी करावी, पालकानें दर सहा महिन्यांनीं न्यायालयाला अहवाल द्यावा. आणि उद्यां जे वारस ठरतील, त्या सर्वांना अर्जांत पक्षकार करावें.