चांदवडची सभा, शंभर व्होल्टची लाइन आणि घरातले आठ ओम

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. भाषा बोलण्यातलीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

चांदवड म्हटलं की कुणाला रेणुकामाता आठवते, कुणाला अहिल्याबाईंचा रंगमहाल, तर ट्रकवाल्यांना राहूड घाट. मला एक तारीख आठवते: 9 आणि 10 नोव्हेंबर 1986. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं आणि लाखाहून जास्त बाया आल्या. शेतकऱ्याच्या घरातल्या बाया, स्वतःच्या प्रश्नावर बोलायला आणि ऐकायला. ‘चांदवडची शिदोरी’ हे नाव तिथूनच आलं. बायकोच्या नावावर जमीन करून देण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रमही त्याच वाटेवरचा. इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं येतं. पण लाखभर माणसं जमली की शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईला ऐकू कसं जातं, हे कुणी सांगत नाही. तिला ऐकू गेलं नाही तर तिच्यापुरती सभा झालीच नाही की!

इथे येतो इम्पीडन्स. हा शब्द इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने 1886 साली काढला, चांदवडच्या अधिवेशनाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. हा माणूस तारखात्यातला, घरी बसून गणित शिकलेला, आणि लहानपणच्या आजारामुळे त्याला ऐकायला कमी यायचं. रेझिस्टन्स म्हणजे तारेची साधी अडवणूक. पण आवाजाचा करंट सतत मागे-पुढे हलत असतो आणि स्पीकरची कॉइल त्याला आणखी वेगळी अडवणूक करते. या सगळ्याची बेरीज म्हणजे इम्पीडन्स. मोजायचा ओममध्येच. म्हणून तर 8 ओमच्या स्पीकरला मल्टीमीटर लावला की साधारण 6 दाखवतो आणि पोरं म्हणतात स्पीकर खराब आहे. खराब नसतो. मल्टीमीटर फक्त कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स मोजतो.

आता मैदानाचा हिशेब करू. कर्ण्याचं युनिट बहुतेक 16 ओमचं असतं. असे दहा कर्णे सरळ शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडले, तर मशीनला दिसणार 1.6 ओम. मशीनच्या दृष्टीने हे जवळजवळ शॉर्टच. दुसरी अडचण तारेची. पावणेदोनशे मीटरवरच्या कर्ण्याला दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार ओढली तर जाऊन-येऊन 4 ओम तारेतच. पुढे 8 ओमचा लोड असेल तर तीन हिश्श्यांतला एक हिस्सा पॉवर तार गरम करण्यात गेली.

यावर लाउडस्पीकरवाल्यांनी जी युक्ती वापरली ती मला फार आवडते. महावितरण जे करतं तेच. लांब न्यायचं तर व्होल्टेज वाढवा, करंट कमी करा. मशीनमधून 100 व्होल्टची लाइन काढायची आणि प्रत्येक कर्ण्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. 15 वॅटचा कर्णा अशा लाइनला सुमारे 667 ओमचा दिसतो. दहा लावले तर 67 ओम. त्याच 4 ओमच्या तारेत आता शेकड्याला सहाच्या आसपासच वाया जातं. आणि ओमचं गणित संपलंच. फक्त वॅटची बेरीज करा, ती मशीनच्या वॅटपेक्षा कमी ठेवा. न शिकलेला पोरगाही चुकत नाही.

आता घरात या. तुमच्यातले बरेच जण विचारतात, की होम थिएटरच्या अॅम्पला पुढचे 8 ओमचे, मधला 6 चा आणि मागे जुन्या डेकचे 4 ओमचे स्पीकर चालतील का? जुन्या व्हॉल्व्हच्या जमान्यात मशीनच्या मागे 4, 8, 16 असे वेगळे पॉइंट असायचे. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असायचा, आणि लोड न लावता मशीन जोरात चालवलं तर तोच जळायचा. ट्रान्झिस्टर आला आणि बहुतेक मशीनमधून तो ट्रान्सफॉर्मर गेला. भीतीही उलटी झाली. आता मोकळं ठेवलं तरी काही होत नाही, पण ओम खाली गेले की करंट वाढतो, मशीन तापतं, आणि प्रोटेक्शनने बंद पडतं किंवा ट्रान्झिस्टर उडतात.

म्हणून उत्तर असं. 5.1 मध्ये प्रत्येक चॅनेलचा अॅम्प वेगळा असतो. त्यामुळे एका चॅनेलला 8 आणि दुसऱ्याला 6 असले तरी ते एकमेकांना त्रास देत नाहीत. मागच्या पॅनेलवर किमान किती ओम छापलंय ते बघा. 6 लिहिलं असेल तर 4 चा स्पीकर त्या चॅनेलला नको. हळू आवाजात तो चालेलही, पण लग्नघरात हळू आवाज कोण ठेवतो? डावा-उजवा मात्र एकाच जातीचे घ्या. आवाजातला फरक सेटिंगमधल्या टेस्ट टोनने प्रत्येक चॅनेलची लेव्हल कमी-जास्त करून जुळवता येतो. खरी गडबड एका चॅनेलला दोन स्पीकर जोडताना होते. 8 आणि 8 पॅरलल म्हणजे 4. 4 आणि 4 म्हणजे 2. सिरीजमध्ये 4 आणि 4 चे 8 होतात, पण वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर आवाज वाकडातिकडा येतो. मी तरी करणार नाही. रेडीमेड सेटचे स्पीकर 3 किंवा 4 ओमचे असू शकतात. ते काढून दुसऱ्या अॅम्पला लावण्याआधी पाठीवरचं स्टिकर वाचा.

आणि हो, मंडळाचा ट्रान्सफॉर्मरवाला कर्णा घरच्या अॅम्पला लावला तर? अॅम्पला काही होणार नाही, त्याला 667 ओम म्हणजे जवळजवळ काहीच जोडलेलं नाही. फक्त कर्णा कुजबुजल्यासारखा वाजेल. त्याला 100 व्होल्टची सवय, घरच्या अॅम्पकडून त्याला जेमतेम वीस-तीस मिळतात.