महाराजाच्या नावावरचं कर्ज

मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर पहाटेच्या लोकलला उभं राहिलं, की गळ्यात विमानतळाचा पास अडकवलेली माणसं हमखास दिसतात. अंधेरीला उतरायचं, तिथून सहार गाठायचं. कुणी सामान चढवणारं, कुणी काउंटरवर बसणारं, कुणी हँगरमधलं. मुंबईत घर घेणं आवाक्याबाहेर गेलं तेव्हा खाडीच्या या बाजूला जागा घेतलेल्यांत विमान कंपन्यांतले नोकरदारही होते. त्यांतल्या एअर इंडियावाल्यांना गेली पंधरा-वीस वर्षं एकच प्रश्न ऐकावा लागला आहे : तुमच्या पगारांनी कंपनी बुडाली ना? लग्नात, सोसायटीच्या सभेत, डब्यातल्या गप्पांत. हा प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला गेला असं माझं स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच या कंपनीची वाटचाल जमाखर्चाच्या अंगाने पुन्हा बघावीशी वाटली.

सुरुवात आपल्या जुहूची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. विमान एका इंजिनाचं, पुस मॉथ. पुढे मद्रासकडे तीच डाक नेव्हिल व्हिन्सेंट घेऊन गेले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली आणि त्याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांच्या हातून फेटेवाला महाराजा, कंपनीचं बोधचिन्ह, जन्माला आला. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ते चालवणाऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनल या कंपनीत सरकारचा ४९ टक्के वाटा होता, म्हणजे खासगी हात आणि सरकारी पैसा यांची ही जोडी जवळपास पहिल्या दिवसापासूनची आहे.

१ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे गेली आणि देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. जेआरडींना हा निर्णय मान्य नव्हता, तरी अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, तेही पगार न घेता. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि एअर इंडिया जेट विमान चालवणारी आशियातली पहिली कंपनी ठरली. १९७१ मध्ये पहिलं जम्बो आलं, ‘एम्परर अशोक’. १ जानेवारी १९७८ च्या रात्री तेच विमान मुंबईहून उड्डाण केल्यावर काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. महिनाभरातच, फेब्रुवारीत, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. त्यानंतरच्या वर्षांत कंपनीचा प्रमुख कोण आणि त्याने किती काळ राहायचं, हे दिल्लीत ठरू लागलं.

तरीही नव्वदीपर्यंत कंपनी तगून होती. १९९० मध्ये कुवेतवर इराकने आक्रमण केलं तेव्हा अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाने परत आणलं. कोकणातल्या कितीतरी घरांत ही आठवण आजही निघते. असं काम खासगी कंपनी ताळेबंद बघून करत नाही. राष्ट्रीय विमानसेवा हवी असं ज्यांना वाटतं, मीही त्यांच्यातला, त्यांचा हा सगळ्यात बळकट मुद्दा आहे. पण अशा कामाचा खर्च सरकारने वेळच्या वेळी, वेगळ्या खात्यातून द्यायला हवा होता. घडलं उलटंच. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विशेष विमानांची आणि संकटकाळच्या फेऱ्यांची बिलं मंत्रालयांकडे वर्षानुवर्षं पडून राहिली. २०१९ च्या अखेरीस ही थकबाकी आठशे कोटींच्या वर होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेल कंपन्यांनी थकबाकीपोटी पुण्यासह सहा विमानतळांवर एअर इंडियाला इंधन देणं बंद केलं. तेल कंपन्याही सरकारी. एका सरकारी खिशाने दुसऱ्याचे पैसे थकवायचे आणि तिसऱ्याने दुसऱ्याची रसद तोडायची, अशी ही व्यवस्था होती.

खरा घाव मात्र त्याआधीचा, २००४ ते २००७ मधला. त्याच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण लोकांच्या बोलण्यात नेमका तोच राहून जातो.

जानेवारी २००४ मध्ये एअर इंडियाचा विचार २८ नवी विमानं घेण्याचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत हा आकडा ६८ वर गेला. इंडियन एअरलाइन्सची ४३ वेगळी. मिळून १११ विमानं, किंमत हजारो कोटींत, आणि ती जवळजवळ सगळी कर्ज काढून. घर घेताना आपण बँकेत जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, स्वतःचे किती घालणार? इथे विलीनीकरणानंतरच्या कंपनीचं भागभांडवल दीडशे कोटींच्या आसपास होतं. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या खरेदीवर आणि ती कर्जावर उभी करण्यावर कडक ताशेरे ओढले. या खरेदीतली आठ लांब पल्ल्याची बोइंग ७७७ विमानं अमेरिकेच्या थेट उड्डाणांसाठी होती. त्यांतली पाच पुढे इतिहाद या आखाती कंपनीला विकावी लागली, तीही पडत्या किमतीला.

विमानं यायला लागली तोच २००७ मध्ये दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं. २००६-०७ मध्ये एअर इंडियाचा तोटा ४४८ कोटी होता आणि इंडियन एअरलाइन्सचा २४० कोटी. एकत्र झाल्यावर पहिल्याच वर्षी तोटा २,२२६ कोटी. पुढच्या वर्षी ५,५४८. २०११-१२ मध्ये ७,५५९. याच काळात इंधन भडकलं, जागतिक मंदी आली, स्वस्त तिकिटांच्या नव्या कंपन्यांनी देशातले मार्ग घेतले आणि आखाती कंपन्यांना भारतातून जास्त जागा विकण्याची परवानगी मिळत गेली. ही कारणं खरी आहेत. पण ती सगळ्याच कंपन्यांना लागू होती. एअर इंडियाच्या डोक्यावर त्याशिवाय विमानांच्या कर्जाचं व्याज होतं आणि ते भागवायला आणखी कर्ज.

विलीनीकरण कागदावर झालं, माणसांत झालं नाही. कर्मचारी एकमेकांना एआयवाले आणि आयसीवाले म्हणत. हे दोन्ही कंपन्यांच्या उड्डाणांचे संकेत. आयसी हा संकेत फेब्रुवारी २०११ पर्यंत वेगळा चालू होता. पगार, बढती, ज्येष्ठता, सगळ्याचे नियम वेगवेगळे. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने ते जुळवण्यासाठी अहवाल दिला तो जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर साडेचार वर्षांनी. मधल्या काळात पगार महिनोन्महिने लांबले. २०११ मध्ये एका गटाच्या वैमानिकांचा संप झाला, तर २०१२ मध्ये दुसऱ्या गटाचा, ५८ दिवसांचा, नव्या ड्रीमलाइनर विमानांचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून. वैमानिकांनी हे टाळायला हवं होतं. प्रवासी अडकले, कंपनीचं नाव गेलं. मात्र एका घरात दोन चुली पेटत्या ठेवून जावा-जावांना भांडू नका म्हणण्याचा प्रकार व्यवस्थापनाने केला, हेही नोंदवायला हवं.

एप्रिल २०१२ मध्ये केंद्राने ३०,२३१ कोटींचं भांडवल टप्प्याटप्प्याने देण्याची योजना मंजूर केली. २०१३ मध्ये मुख्यालय नरिमन पॉइंटवरून दिल्लीला गेलं. मुंबईत जन्मलेल्या कंपनीची मुंबईकरांना न विचारता झालेली ही पाठवणी अजून टोचते. २०१५-१६ मध्ये रोजच्या व्यवहारातून १०५ कोटी नफा झाला, पण व्याज धरल्यावर निव्वळ तोटाच उरला. २०१८-१९ मध्ये तो ८,५५६ कोटी होता. त्याआधी, मे २०१८ मध्ये, सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा एकही बोली आली नव्हती. कारण उघड होतं. कंपनीबरोबर ३३ हजार कोटींहून अधिक देणंही गळ्यात घ्यायचं होतं.

हा रोग आपल्याकडेच होता असंही नाही. बेल्जियमची सबेना २००१ मध्ये बंद पडली. इटलीची अलितालिया सरकारी मदतीवर वर्षानुवर्षं तगली आणि १४ ऑक्टोबर २०२१ ला तिचं शेवटचं विमान उतरलं. त्याच्या सहा दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, एअर इंडियासाठी टाटांची १८,००० कोटींची बोली सरकारने स्वीकारली होती.

या १८,००० कोटींत रोख होते २,७०० कोटी. उरलेलं १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी स्वतःकडे घेतलं. एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी. मग राहिलेले ४६,२६२ कोटी गेले कुठे? एअर इंडिया असेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्याकडे. २००९-१० पासून सरकारने रोख भांडवल आणि हमी मिळून १,१०,२७६ कोटी या कंपनीमागे उभे केले होते, ते वेगळेच. विक्री झाल्यावर त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयाने सगळ्या खात्यांना कळवलं, एअर इंडियाची थकबाकी तातडीने भागवा आणि यापुढे तिकिटं रोखीनेच घ्या. हे पत्र पंधरा वर्षं आधी निघायला हवं होतं.

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांच्या हाती गेली. हस्तांतराच्या वेळी बारा हजारांच्या आसपास कर्मचारी होते, त्यांतले चार हजार कंत्राटी. वर्षभर कुणाला काढायचं नाही, नंतर स्वेच्छानिवृत्ती, अशी अट होती. कंपनीच्या कालिन्यातल्या वसाहतीतल्या कुटुंबांना घरं सोडण्याच्या नोटिसा लागल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत कंपनीचं ड्रीमलाइनर कोसळलं आणि विमानातले २४१ जण गेले. मालक बदलला म्हणून जबाबदारी हलकी होत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

एअर इंडियाची नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटींना घेण्याचं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्याला मान्यता दिली. सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणारी एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस मात्र टाटांकडे गेली नाही, ती सरकारकडेच राहिली. जुलै २०२४ मध्ये तिने कालिन्यात सुमारे दोन हजार दोनशे जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या. हजारोंच्या संख्येने तरुण आले, रेटारेटी झाली, आणि शेवटी अर्ज तेवढे ठेवून घेऊन त्यांना परत पाठवावं लागलं.