विद्यार्थी व्हिसा व निवास परवाना, जर्मनी

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला जर्मनीत पूर्णवेळ शिकण्यासाठी घ्यावी लागणारी दुहेरी परवानगी. व्हिसा मायदेशातली जर्मन वकिलात देते. त्याची मुदत संपण्याआधी जर्मनीतल्या आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परकीय नागरिकांच्या स्थानिक कार्यालयाकडे, निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिका, कॅनडा, जपान यांसारख्या काही देशांच्या नागरिकांना व्हिसाविना जाऊन थेट परवाना मागता येतो. भारतीयांना ही सवलत नाही.

2022-23 च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या चिनी विद्यार्थ्यांपेक्षा जास्त झाली; 2023-24 मध्ये ती 49,483 होती. महाराष्ट्राचा या वाटेशी संबंध जुना आहे. इरावती कर्वे 1928 साली मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, त्याही काँग्रेस नेते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर. आजच्या गर्दीचे मुख्य कारण म्हणजे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला 1,500 युरो घेते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ ही जाहिरात म्हणूनच जपून वाचावी. फी नसली तरी वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च निघण्यापूर्वीच दाखवावा लागतो.

हा पुरावा सहसा ‘ब्लॉक्ड अकाउंट’ने देतात. सप्टेंबर 2024 पासून त्यात 11,904 युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक, भरावे लागतात. तिथे पोहोचल्यावर महिन्याला 992 युरोच हाती येतात. एकदम काढता येत नाहीत. कोणी शैक्षणिक कर्ज काढतो, कोणाच्या घरची मुदत ठेव मोडते. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाचे अधिकृत हमीपत्रही चालते.

1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्रही लागते. दिल्लीतले एपीएस कार्यालय गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का, तिच्या जोरावर जर्मन विद्यापीठात प्रवेशाची पात्रता मिळते का, हे तपासते. महाराष्ट्रातल्या मुलांची इथे एक खास पंचाईत होते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आईचे नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत असतात, कधी वडिलांचे नाव गळलेले असते. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर आणखी एक कागद वाढतो. अशा वेळी सगळी कागदपत्रे एकाच नावावर आणून ठेवण्याचे काम प्रवेशपत्र यायच्या आधीच उरकावे. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी रांग लागते आणि शाळेच्या दाखल्यातली चूक दुरुस्त करायला कोणाकडेच वेळ नसतो.

व्हिसाचे शुल्क 75 युरो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. प्रवेशपत्र, एपीएस, पैशांचा पुरावा, आरोग्यविमा, भाषेचे प्रमाणपत्र आणि हाच अभ्यासक्रम का निवडला याचे पत्र, असा संच द्यावा लागतो. एजंटकडून आणलेले ठोकळेबाज पत्र अधिकाऱ्याला ओळखू येत नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पूर्वी नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागता येई. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात जायचे.

जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करायची असते. तिला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. ओळखीच्या मुलांच्या खोलीत तात्पुरते राहणाऱ्याची अडचण इथे होते: खोलीत जागा मिळते, पण सही मिळत नाही. परवान्याचा पुढचा सारा व्यवहार या नोंदणीवर अवलंबून असतो. मोठ्या शहरांत परवाना कार्यालयाची तारीख महिनोनमहिने मिळत नाही. मात्र मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर धरले जाते आणि तसा तात्पुरता दाखला मिळतो. तो घेऊन परदेशप्रवास करता येईल की नाही, हे त्यावर कुठल्या रकान्यात खूण केली आहे त्यावर ठरते. दिवाळीला घरी यायचे तिकीट काढण्यापूर्वी ती खूण पाहून घ्यावी.

परवाना सहसा दोन वर्षांचा असतो, आणि शिक्षण वाजवी मुदतीत पुरे होईल असे दिसले तर वाढवून मिळतो. विद्यार्थी सतत नापास होत असेल तर कार्यालय विद्यापीठाचे मत मागवू शकते. मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते. आधी ही मर्यादा 120 आणि 240 होती. पदवीनंतर काम शोधण्यासाठी दीड वर्षापर्यंतचा परवाना मिळतो आणि त्या काळात कुठलेही काम करता येते. शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की विद्यार्थी परवान्याच्या जागी कुशल कामगाराचा परवाना किंवा पगार पुरेसा असल्यास ‘ब्लू कार्ड’ घेता येते.